थोरल्याचं घर

पुढच्या रविवारी उपासनेत शास्त्रवाचन माझ्याकडे आहे. पाळकसाहेबांनी चिठ्ठी दिली: रोमकरांस पत्र, अध्याय 9, वचनं 6 ते 13. आठच वचनं. त्यातलं शेवटचं मी दहा वर्षांची असताना संडे स्कूलमध्ये पाठ केलं होतं आणि पुढच्याच आठवड्यात एका मुलाला तोंडावर म्हणून दाखवलं होतं. तो मुलगा म्हणजे आमचा आप्पा. मागच्या महिन्यात तो गेला, अडुसष्टाव्या वर्षी. सरावाला बसले की तेराव्या वचनापाशी आवाज अडतो, म्हणून आधी हे लिहून काढते आहे.

आमचं मूळ गाव नेवासे तालुक्यातलं. 1899-1900 च्या दुष्काळात माझे पणजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. संध्याकाळी चिंचेखाली एक मराठी उपदेशक येऊन बसायचा, शुभवर्तमान वाचायचा, भजनं म्हणायचा. दोघा भावांनी एकच उपदेश ऐकला, एकाच झाडाखाली मांडीला मांडी लावून. पुढच्या वर्षी धाकट्याने बायकोमुलांसह बाप्तिस्मा घेतला. थोरल्याने घेतला नाही. धाकट्याचं घर ते आमचं. थोरल्याच्या नातवाने 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतली. आप्पा त्या नातवाचा मुलगा. लांबचा चुलतभाऊ म्हणायचा, पण सुट्टीत आम्ही गावी गेलो की जेवायला आम्ही निम्मे दिवस त्यांच्याकडेच असायचो.

आमच्या घरात ही गोष्ट एकाच तऱ्हेने सांगितली जायची. आजोबा रात्रीच्या प्रार्थनेनंतर सांगत: इसहाकाला दोन मुलगे होते, आपल्याही घरात दोन होते. तिथंही देवाने धाकट्याला घेतलं, इथंही. आपण याकोबाचं घर.

1972 चा मे. गावच्या विहिरी आटलेल्या. मी आणि आप्पा नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीने पाणी भरत होतो. पाणी सावकाश पाझरायचं, एका घागरीला अर्धा तास लागायचा. आप्पा आधी माझी घागर भरत होता. बसल्याबसल्या मी नवं पाठ केलेलं वचन म्हटलं: मी याकोबावर प्रीती केली आणि एसावाचा द्वेष केला. त्याने विचारलं, एसाव कोण? मी सांगितलं, याकोबाचा थोरला भाऊ. तो म्हणाला, "मग तुम्ही याकोब. आणि आम्ही?"

मी सांगितलं त्याला. दहा वर्षांच्या मुलीला उत्तर येत असलं की ती ते देते.

तो काही बोलला नाही. माझी घागर भरत आली होती, ती पुरी भरली, माझ्या डोक्यावर चढवून दिली आणि पुन्हा झिऱ्याशी जाऊन बसला, स्वतःची भरायला.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी ही निवडीची शिकवण काय आहे ते सांगते. माणूस आपल्या पुण्याईवर तरत नाही, तारण मिळतं ते देवाच्या कृपेने. इथवर सगळ्या मंडळ्या एकमताने येतात. पुढे प्रश्न येतो: कृपा सगळ्यांसमोर ठेवली आहे, मग एकजण ती घेतो आणि दुसरा का घेत नाही? घेणाऱ्याची बुद्धी चांगली म्हणावी, तर तारण पुन्हा माणसाच्या लायकीवर आलं. म्हणून पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि सोळाव्या शतकात जिनिव्हाचा कॅल्विन हे धर्मपंडित म्हणाले की विश्वास हेही देवाचंच दान आहे, आणि ते कुणाला द्यायचं हे त्याने जग घडवण्याआधी ठरवलं आहे. इफिसकरांच्या पत्राचा पहिला अध्याय तेच म्हणतो: जगाच्या स्थापनेपूर्वी त्याने आपल्याला ख्रिस्ताच्या ठायी निवडून घेतलं.

कॅल्विन हे आकाशातून काढत नव्हता. त्याने व्यासपीठावरून पाहिलं होतं की शंभर माणसांपुढे एकच उपदेश होतो, वीसजण तो मनापासून घेतात, बाकीचे हसतात किंवा उठून जातात. असं का, या प्रश्नाचं उत्तर तो शोधत होता. त्याचं उत्तर मला सगळं पटत नाही, पण प्रश्न आमच्या चिंचेखालचाच आहे. आणि कॅल्विनलाही तो हलका वाटत नव्हता. काहींना सोडून देण्याच्या त्या निर्णयाला त्याने स्वतःच लॅटिनमध्ये भयंकर म्हटलं आहे. आपली निवड झाली आहे का हे शोधायला देवाच्या गुप्त ठरावात शिरू नका, चक्रव्यूहात सापडाल, ख्रिस्ताकडे बघा, तोच आरसा आहे, असंही तो बजावतो. तरी 1551 मध्ये बोल्सेक नावाच्या वैद्याने जिनिव्हात उभं राहून या शिकवणीला विरोध केला, तेव्हा त्याला शहरातून हद्दपार केलं गेलं.

मग ही शिकवण टाकून का देत नाही, असं माझी मुलगी विचारते. तिला मी सांगते की आधी पणजोबांच्या जागी बसून ती ऐक. गावाने त्यांना सांगितलं होतं की तू महारवाड्यात जन्मलास ते मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ. त्यांच्या बापालाही तेच सांगितलं होतं. आणि चिंचेखाली कुणीतरी वाचतं की मुलं अजून जन्मली नव्हती, त्यांनी बरंवाईट काहीच केलं नव्हतं, तेव्हाच देवाने निवड केली, कर्मावरून नाही, तर बोलावणाऱ्याच्या मर्जीवरून. हे रोमकरांच्या नवव्या अध्यायातलंच अकरावं वचन. जन्माआधी तुझा काही हिशेब नव्हता, होती ती देवाची इच्छा, आणि ती तुझ्या बाजूने होती. हे ऐकून खडी फोडणाऱ्या माणसाची पाठ सरळ झाली असेल, तर ते वचन मी कसं टाकू? याच अध्यायात ज्या वचनाने मी आप्पाला खाली ढकललं, त्याच्या दोनच वचनं आधी माझ्या पणजोबांना उभं करणारं वचन आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे, मराठीत शास्त्र आलं तेही निवड मानणाऱ्या माणसाच्या हातून. विल्यम केरी इंग्लंडमधल्या ज्या बॅप्टिस्ट पंथीयांतला होता, त्यांच्यात अठराव्या शतकात काहींनी या शिकवणीचा असा अर्थ काढला होता की ज्याला तारायचं त्याला देव तारेल, आपण आमंत्रण देत फिरायचं कारण नाही. अँड्र्यू फुलर या पाळकाने 1785 मध्ये त्याविरुद्ध पुस्तक छापलं. 2 ऑक्टोबर 1792 ला केटरिंग गावात थोडे लोक जमले आणि त्यांनी मिशन सोसायटी काढली. पहिली वर्गणी जमली तेरा पौंड दोन शिलिंग सहा पेन्स. केरी बंगालमध्ये आला, तिथेच मराठी शिकला, 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि 1811 मध्ये श्रीरामपूरहून मराठी नवा करार निघाला. (आपल्या जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, हुगळीकाठचं.) निवड मानूनही ही माणसं घरी बसली नाहीत.

आता मला जिथे दुखतं ते लिहिते.

मी एकतीस वर्षं लेबर रूममध्ये नर्स होते. सुरुवातीच्या वर्षांतली एक रात्र. दोन बाळं अपुऱ्या दिवसांची, तासाभराच्या अंतराने जन्मलेली, आणि चालू स्थितीतला वॉर्मर एकच. डॉक्टरांनी दोघांना पाहिलं आणि ज्याचा श्वास जरा बरा होता त्याला वॉर्मरवर ठेवायला सांगितलं. दुसऱ्याला मी कापसात गुंडाळून आईच्या छातीशी दिलं, वर शाल घातली. पहाटे ते गेलं. त्याच्या आईने मला विचारलं, "सिस्टर, माझं का नाही ठेवलं?" मी सांगितलं, बाई, यंत्र एकच होतं. त्या माउलीने मान हलवली. माझं उत्तर तिला पटलं, कारण ते खरं होतं.

देवाला हे उत्तर देता येत नाही. त्याच्याकडे वॉर्मर कमी नाहीत. त्या रात्रीनंतर निवडीवरचं प्रत्येक प्रवचन ऐकताना मला ती बाई आठवते. आम्ही निवडतो ते कमी पडतं म्हणून. ज्याच्याकडे काहीच कमी नाही, तो एकाला का घेईल आणि दुसऱ्याला का ठेवेल? रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या पौलाला हा प्रश्न ठाऊक आहे. चौदाव्या वचनातच तो विचारतो, देवाच्या ठायी अन्याय आहे काय? आणि पुढे कुंभार आणि मातीचं उदाहरण देतो. मी पौलावर फार प्रेम करते, पण वॉर्डात उभी राहून त्या आईला मी कुंभाराचं उदाहरण दिलं नसतं.

माझ्या आईचं पहिलं मूल अकरा दिवसांचं होऊन गेलं, बाप्तिस्म्याआधीच. आई ते कधी बोलायची नाही. सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली की मात्र कधीतरी आपोआप निघायचं: "त्याचं काय झालं असेल गं?" निवडणं हा शब्द मला लहानपणी तिच्या सुपातूनच कळला होता. तांदूळ निवडायचे म्हणजे खडे काढून टाकायचे, आणि उरतं ते सगळं घरचं, सगळं शिजवायचं. मला कितीतरी वर्षं वाटत होतं की देवाची निवड अशीच असणार. शास्त्र नीट वाचायला लागले तेव्हा कळलं की पंडितांनी त्याचा अर्थ उलट्या बाजूने लावला आहे: ढिगातून मूठभर उचलायचे.

हॉलंडमधल्या डॉर्ट शहरात नोव्हेंबर 1618 पासून मे 1619 पर्यंत धर्मसभा बसली होती. आर्मिनियस नावाच्या धर्मपंडिताच्या मागून जाणारे म्हणत होते की देव आधी पाहतो, कोण विश्वास ठेवील, आणि त्यावरून निवडतो. सभेने ते नाकारलं. त्या सभेच्या लेखात एक कलम अकरा दिवसांच्या बाळांसाठी आहे: विश्वासणाऱ्या आईबापांनी, देवाने बालपणीच नेलेल्या आपल्या मुलांच्या निवडीविषयी शंका घेऊ नये. मला हे वयाच्या पन्नाशीत सापडलं. आई तेव्हा नव्हती. तिला ते वाचून दाखवायला मिळालं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. त्या सभेत बसलेल्या कुणीतरी घरी रिकामा पाळणा पाहिला असेल, असं ते कलम वाचताना वाटतं. कॅल्विनने तर पाहिलाच होता. 1542 मध्ये त्याला आणि त्याच्या बायकोला, इडेलेटला, मुलगा झाला, अपुऱ्या दिवसांचा, थोड्याच दिवसांत गेला. त्याने मित्राला लिहिलं की देवाने मोठी, कडू जखम केली आहे, पण तोही बाप आहे, मुलांचं भलं कशात ते त्याला कळतं. बाळाचं नाव झाक होतं. म्हणजे फ्रेंचमध्ये याकोब.

पण त्या कलमातले शब्द पुन्हा पाहा: विश्वासणाऱ्या आईबापांनी. आप्पाचीही एक बहीण तान्हेपणी गेली होती. तिथे पुन्हा रेघ आमच्या दोन घरांच्या मधूनच जाते.

1998 मध्ये माझे वडील वारले. नगरला आप्पा पहाटेच्या एसटीने आला, स्टँडवरून धावतच. मला बघून गळ्यात पडला आणि आम्ही दोघं ओक्साबोक्शी रडलो. शवपेटीला त्याने पुढचा खांदा दिला. पुरून आल्यावर ओट्यावर चहा पिताना मी सहज म्हटलं की बाबांना पणजोबांची गोष्ट फार प्रिय होती. आप्पा म्हणाला, "आमच्याकडे ती वेगळी सांगतात."

त्यांच्याकडची गोष्ट अशी. थोरल्यालाही बाप्तिस्मा घ्यायचा होता. पण घरात म्हातारी आई होती, तिचे डोळे गेले होते. आणि महारकीचं वतन होतं. दोघांनी एकदम बाप्तिस्मा घेतला आणि गावाने वतन काढून घेतलं तर दुष्काळात म्हातारीच्या तोंडात काय घालायचं? थोरला धाकट्याला म्हणाला, तू जा, मी इथलं बघतो. पुढे आठ वर्षं तो गावकीची कामं करत राहिला, मेलेली ढोरं ओढत राहिला, आणि धाकटा मिशनच्या शाळेत लिहायला शिकला. "थोरला थांबला म्हणून धाकट्याला जाता आलं," आप्पा म्हणाला. त्याच्या आवाजात आरोप नव्हता. जसं ऐकलं तसं सांगितलं.

त्या रात्री मी उत्पत्तीचं पुस्तक पुन्हा उघडलं आणि एसावापुरतं वाचलं. लहानपणापासून आम्ही फक्त याकोबाच्या बाजूने वाचत आलो होतो. याकोब वीस वर्षं परदेशी होता. डोळे गेलेला म्हातारा इसहाक इकडेच होता. परत येताना याकोब भावाला भिऊन कळपामागून कळप भेट पाठवतो, आणि एसाव धावत येतो, गळ्यात पडतो, दोघे रडतात. तेव्हा याकोब त्याला म्हणतो की तुझं तोंड पाहिलं, जणू देवाचंच तोंड पाहिलं. ज्याला निवडलं तो हे म्हणतो आहे, आणि ज्याला निवडलं नाही त्याच्या तोंडाकडे बघून. दोन अध्यायांनंतर इसहाक मरतो आणि त्याला पुरतात ते एसाव आणि याकोब, दोघं मिळून.

देव एसावाचा द्वेष करतो असं उत्पत्तीत कुठेच लिहिलेलं नाही. ते वाक्य मलाखी संदेष्ट्याचं, कितीतरी शतकांनंतरचं, आणि तिथे एसाव म्हणजे त्याच्या वंशजांचं, एदोमचं राज्य. उलट शास्त्रातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव इस्राएलाला बजावतो की सेईर डोंगर मी एसावाला वतन दिला आहे, तिथली पाऊलभर जमीनही तुम्हाला मिळणार नाही. तेविसाव्या अध्यायात स्पष्ट आज्ञा आहे की एदोमी माणसाचा तिटकारा करू नको, तो तुझा भाऊ आहे. ही वचनं संडे स्कूलमध्ये आम्हाला कुणी पाठ करायला दिली नव्हती.

माझे यजमान मेथडिस्ट घरातले. त्यांच्या वेस्लीने 1739 मध्ये ब्रिस्टलला उपदेश करून सांगितलं होतं की ही शिकवण देवाला सैतानापेक्षा वाईट ठरवते. त्यावरून त्याचा जिवलग सोबती व्हिटफील्ड दुरावला. पण 1770 मध्ये व्हिटफील्ड वारला तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे लंडनमध्ये स्मरणाचा उपदेश वेस्लीने केला. आमच्या घरातला हा वाद चाळीस वर्षांचा आहे आणि अजून मिटलेला नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात तर दोन्ही बाजूंच्या मंडळ्या एकत्रच आल्या, 29 नोव्हेंबर 1970 ला, नागपुरात. त्याच्या चौदा वर्षं आधी आप्पाच्या वडिलांनी दीक्षा घेतली ते हेच शहर.

मी माझ्यापुरती निवड मानते. मी आज प्रार्थना करू शकते ती माझ्या शहाणपणाने नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. कुणीतरी आधी बोलावलं. पण अब्राहामाला बोलावताना देवाने कारणही सांगितलं होतं: तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील. एकाला घेतलं ते बाकीच्यांपर्यंत पोचण्यासाठी. आणि आमच्या घराच्या बाबतीत मला आता असं वाटतं की देवाने थोरल्यालाही बोलावलंच होतं, दुसऱ्या कामासाठी. आई सांभाळायला. हे कुठल्या धर्मसभेच्या कलमात बसत नाही, पण आप्पाची गोष्ट ऐकल्यावर मला दुसरं काही म्हणता येत नाही.

आप्पा शेवटचे तीन आठवडे नगरच्या दवाखान्यात होता. मी रोज दुपारी पेज घेऊन जायची. एकदा चमचा तोंडाशी नेला तर त्याने हात धरला आणि म्हणाला, "तुझ्या देवानं आम्हाला घेतलं नाही म्हणतेस का अजून?"

मी वाटी खाली ठेवली. म्हटलं, "ते मी चुकीचं बोलले होते, आप्पा."

"मला वाटलं तू विसरलीस," तो म्हणाला.

त्याच्या अंत्यविधीत भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, मी हात जोडून उभी होते. माझी प्रार्थना मी मनात केली. ती काय होती ते लिहीत नाही.

चिठ्ठीतलं वाचन तेराव्या वचनाला संपतं. पौल तिथे थांबत नाही. तो नऊ, दहा, अकरा असे तीन अध्याय या एकाच दुःखाशी झगडतो, कारण त्याचेच भाऊबंद बाहेर राहिले आहेत. त्यांच्यासाठी मीच शापित होऊन ख्रिस्तापासून दूर झालो तरी चालेल, असं तो सुरुवातीला म्हणतो. कोपाची पात्रं, दयेची पात्रं, सगळं मध्ये येतं, आणि अकराव्या अध्यायाच्या बत्तिसाव्या वचनात तो येऊन पोचतो ते इथे की देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडलं ते सर्वांवर दया करावी म्हणून. त्यानंतर त्याला युक्तिवाद सुचतच नाही, तो नुसती स्तुती करायला लागतो.

काल पाळकसाहेबांना फोन केला आणि तिन्ही अध्याय वाचू का, असं विचारलं. नव्वद वचनं होतात. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, वाचा, मी उपदेश लहान करतो. आज घड्याळ लावून वाचलं, पंधरा मिनिटं लागली. आप्पाची थोरली लेक येणार आहे ऐकायला. म्हणाली, आत्या, मी मागच्या बाकावर बसेन. मी तिला पुढच्या बाकावर जागा धरते म्हटलं आहे.